नव्या रथाची परीक्षा

मोटारगाडीविषयीं लिहिण्याचा माझा अधिकार कितपत, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. ज्याचें सारें आयुष्य धातूंचीं रूपें आणि समासांचे विग्रह शिकविण्यांत गेलें, सायकल व पुढें एक जुनी स्कूटर यांपलीकडे ज्याच्या मालकीचें वाहन कधीं झालें नाहीं, त्यानें अर्ध्या कोटीच्या गाडीचे गुणदोष सांगावे, हा एक प्रकारचा धीटपणाच होय. परंतु गेल्या मार्गशीर्षांत हें परीक्षकाचें काम आपण होऊन माझ्याकडे चालत आलें, आणि त्या परीक्षेंत गाडीपेक्षां परीक्षकच अधिक उघडा पडला. म्हणून तो वृत्तांत सांगण्यासारखा आहे, असें वाटतें.

माझ्या दिवंगत वडील बंधूंचा मुलगा बाणेरकडे एका संगणक-कंपनींत चांगल्या हुद्द्यावर आहे. आमच्या दादांनीं सदाशिव पेठेंतून खडकीपर्यंत सायकलनें जाऊन तीस वर्षें नोकरी केली. स्वतःच्या गाडीनें घरच्या सर्वांना एकदां गुहागरास व्याडेश्वराच्या दर्शनाला न्यावें, एवढी एक हौस त्यांनीं बाळगली होती. ती तशीच राहिली. पुतण्याच्या मनांतून ती गोष्ट गेलेली नव्हती. एके दिवशीं तो घरीं आला, चहा घेतला आणि म्हणाला, "काका, गाडी घेतों आहें. आईला गुहागरला नेणार. पण तुम्ही एकदां बसून पाहा. तुम्ही 'घे' म्हणालांत, तर घेतों." दादांच्या पश्चात् घरांत वडील असा मीच. 'घे' म्हणण्याचा मान आपल्याकडे आला, हें ऐकून मला जरा बरें वाटलें, हें लपवीत नाहीं.

गाडीच्या या जातीला स्पोर्ट्स सलून म्हणतात. सलून म्हटलें, कीं आमच्या पेठेंतल्या माणसाच्या डोळ्यांपुढें न्हाव्याची खुर्ची उभी राहते. पण येथें अर्थ निराळा. चार दारें, पुढें यंत्र, मध्यें माणसें, मागें सामान, अशी घरंदाज बैठक, आणि अंगांत मात्र शर्यतीच्या घोड्याचें बळ. अंग जमिनीला लागून, स्प्रिंगा कडक, चाकें रुंद व टायरांची कडा पातळ. गुरुत्वमध्य जितका खालीं, तितकी गाडी वळणावर कमी कलते, हें यामागचें साधें शास्त्र. गाडी कोणत्या कंपनीची, तें मुद्दामच सांगत नाहीं. हा लेख जाहिरात नव्हे, आणि निंदाही नव्हे.

रविवारीं पहांटे साडेपांचाला आम्ही निघालों. पेढीचा एक तरुण मागें बसला होता. लकडी पूल ओलांडून, शिवाजीनगर मागें टाकून खडकीस आलों, तेव्हां नीट उजाडलेंही नव्हतें. खडकी आली, कीं पुणेकराला ५ नोव्हेंबर १८१७ हा दिवस आठवतोच. पेशव्यांची फौज इंग्रजांपुढें येथें हटली. पुतण्यानें मला एक दुसरी तारीख सांगितली. ज्या जॅग्वार कंपनीनें स्पोर्ट्स सलून म्हणजे काय, हें एके काळीं जगाला दाखविलें, ती इंग्रज कंपनी २००८ सालीं टाटांनीं विकत घेतली. आणि २०१३ पासून तिच्या एक्सएफ नांवाच्या गाड्यांची जुळणी पुण्यांत होऊं लागली. ज्यांच्यापुढें आपण हटलों, त्यांचा रथ आपल्याच गांवीं जोडला जावा, हा कालचक्राचा फेरा पाहून मला मौज वाटली.

पुढें पिंपरी-चिंचवड लागलें. टेल्कोचा येथील कारखाना १९६६ सालापासूनचा. तो नांवारूपास आणणारे सुमंत मूळगांवकर हे आपल्यापैकींच एक. याच आवारांत १९९५ सालीं मर्सिडीजची पहिली भारतीय गाडी तयार झाली, आणि येथूनच १९९८ सालीं इंडिका ही संपूर्ण देशी बेताची मोटार पुढें आली. मोटारींची शास्त्रीय कसोटी घेणारी एआरएआय ही संस्थाही १९६६ चीच, आणि तीही पुण्याचीच; कोथरूडजवळच्या टेकडीवर तिचें ठाणें आहे. विद्येचें माहेरघर म्हणून आपण या शहराचें कौतुक करतों, पण नांगर, पंप, इंजिनें आणि मोटारी यांची विद्याही येथें तितक्याच निष्ठेनें शिकली गेली, हें आम्ही पोथीवाले विसरतों.

किवळ्यापाशीं द्रुतगति-मार्ग सुरू झाला. यशवंतराव चव्हाणांचें नांव असलेला, सहा पदरी, काँक्रीटचा हा रस्ता २००२ सालीं पुरा झाला. लांबी सुमारें साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. येथें गाडीनें आपलें खरें रूप दाखविलें. पुतण्यानें पायाचा किंचित् दाब वाढविला, आणि पाठ बैठकीला चिकटली. आवाज म्हणावा तर नाहीं. केवळ एक दबलेली गुरगुर. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंत रथाच्या वेगाचें वर्णन करतो, कीं दूरचें लहानसें दिसणारें क्षणांत मोठें होतें आणि वांकडें तें सरळ भासतें. तो श्लोक मीं चौतीस वर्षें वर्गांत शिकविला. तो अनुभवला मात्र उर्सें गांवाच्या पुढें.

पण मास्तराची खोड जात नाहीं. मीं गणित मांडलें. ताशीं शंभर किलोमीटर, म्हणजे सेकंदास सुमारें २८ मीटर. समोर कांहीं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यांत गाडी आपल्या वाड्याच्या लांबीहून पुढें जाते. त्यांतही वेग दुप्पट झाला, कीं थांबण्यास लागणारें अंतर दुप्पट नव्हे, चौपट होतें. या मार्गावर सपाटीस शंभराची मर्यादा आहे, घाटांत त्याहूनही कमी. मीं विचारलें, "ही गाडी किती धांवूं शकते?" मागचा तरुण अभिमानानें म्हणाला, "दोनशेंच्या वर." म्हणजे ज्या ऐपतीचे पैसे मोजावयाचे, त्यांतील निम्मी कपाटांत कुलूप लावून ठेवावयाची. पुतण्याचें म्हणणें असें, कीं शिल्लक बळ वाया जात नाहीं. मालमोटारीच्या पुढें जावें लागतें, तेव्हां तें धोक्याचा काळ कमी करतें. आणि जी गाडी दोनशेंसाठीं बांधली, ती शंभरावर अधिक स्थिर असते. हें म्हणणें मला पटलें, आणि न्यायानें नोंदलें पाहिजे.

खंडाळ्यावरून आम्ही बोर घाट उतरलों. १८३० सालीं या घाटांतून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हां केवढी नवलाई वाटली असेल! त्याच काळांतला अमृतांजन पूल २०२० सालीं पाडला. तो जेथें होता, तेथें नजर अजून अडखळते. घाटांत मात्र गाडीला मीं मनांतल्या मनांत पैकीच्या पैकी गुण दिले. वळणावर ती कलत नाहीं, ब्रेक लावतां दचकत नाहीं, चाक फिरवावें तितकीच फिरते. एरवीं घाटांत माझ्या पोटांत कालवतें. त्या दिवशीं खोपोलीस उतरून पुन्हां वर लोणावळ्यास आलों, तरी कांहीं वाटलें नाहीं.

परततांना आम्ही तळेगांवहून चाकणचा रस्ता धरला. येथें निराळा पाठ सुरू झाला. मालमोटारींची रांग, कडेला खड्डे, मध्येंच खडी. द्रुतगति-मार्गावर जी कडक स्प्रिंग गुण होती, तीच येथें दोष झाली. प्रत्येक खड्ड्याची वार्ता कमरेला पोंचूं लागली. पुतण्या हळू चालवीत होता. जडजवाहीर हातांत घेऊन बाजारांतून जाणाऱ्या माणसासारखा त्याचा चेहरा झाला होता.

चाकण म्हणजे पूर्वीं संग्रामदुर्ग. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शायिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढें हा भुईकोट जवळजवळ दोन महिने लढविला. आज किल्ल्याचे थोडे बुरूज उरले आहेत. कांद्याचा बाजार अजून भरतो. आणि भोंवतीं माळावर परदेशी नांवांचे कारखाने उभे आहेत. मर्सिडीज आणि फोक्सवॅगन या दोन्ही जर्मन कंपन्यांचे येथील कारखाने २००९ सालीं सुरू झाले. ज्यांच्या वडिलांनीं कांद्याच्या गोण्या वाहिल्या, तीं मुलें आज तेथें यंत्रें चालवितात. रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेतांना कंपनीच्या गणवेशांतला एक तरुण आमच्या गाडीभोंवतीं फेरी मारून गेला. त्याच्या डोळ्यांत हेवा नव्हता. सुताराने दुसऱ्याचें काम पाहावें, तशी ती नजर होती.

तेथेंच पुतण्यानें विचारलें, "मग, काका?"

मीं गुण मोजले. घाटांत उत्तम, वेगांत उत्तम, बांधणी उत्तम, खराब रस्त्यावर मध्यम. शिवाय दादांची सायकल डोळ्यांपुढें होती, आणि त्यांचा मुलगा ही गाडी चालवीत आहे, याचा अभिमान होता. मीं म्हटलें, "घे." त्यानें टपरीवरूनच फोन काढून बयाण्याची रक्कम पाठविली. मागच्या तरुणानें आम्हां दोघांचें अभिनंदन केलें.

मोशीला इंद्रायणी ओलांडून, भोसरीवरून आम्ही पेठेंत आलों. आमच्या बोळाच्या तोंडाशीं एक गतिरोधक आहे. नियमानें तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, असा सावकाश चढउताराचा हवा. आमचा गतिरोधक कोणीं कोणत्या नियमानें बांधला, तें ब्रह्मदेव जाणे. गाडीचें पोट त्याला घांसलें, आणि तो आवाज ऐकून पुतण्यानें डोळे मिटले. सम-विषम तारखेच्या हिशेबानें त्या दिवशीं समोरची बाजू मोकळी होती, म्हणून गाडी कशीबशी लागली.

वहिनींना खालीं बोलावलें. त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे दुखणारे. गाडी पाहून त्यांनीं तिच्या टपावरून हात फिरविला, पदर सांवरला, आणि त्या बसूं लागल्या. बैठक इतकी खालीं, कीं त्या बसल्या नाहींत, पडल्याच. तरी हंसत म्हणाल्या, "मऊ आहे हो." पण उठण्याची वेळ आली, तेव्हां हंसूं मावळलें. एकदां प्रयत्न केला, दुसऱ्यांदां केला. शेवटीं एका बाजूनें मुलानें आणि दुसऱ्या बाजूनें मीं धरून त्यांना वर ओढलें. त्या कण्हल्या नाहींत, पण माझ्या मनगटावर त्यांचीं बोटें जी रुतलीं, त्यांवरून काय तें कळलें. मागच्या बैठकीचें करून पाहिलें; तेथें उतरत्या टपाला डोकें लागलें.

थोड्या वेळानें त्या शांतपणें म्हणाल्या, "भाऊजी, गाडी फार सुरेख आहे. ह्यांनीं पाहिली असती, तर डोळे भरून आले असते. पण गुहागरास मी आंतच बसून राहीन. तुम्ही सगळे आंत जा, आणि देवाला माझा नमस्कार सांगा."

पुतण्या कांहीं बोलला नाहीं. गाडी परत करावयास निघून गेला. रात्रीं त्याचा फोन आला. "काका, तुम्हीच 'घे' म्हणालांत ना?" आवाजांत राग नव्हता, म्हणून तो प्रश्न अधिक लागला. मीं म्हटलें, "अरे, गुण मीं बरोबर दिले, पण प्रश्न कोणता होता, तोच वाचला नाहीं. तूं विचारलेंस, आईला गुहागरला न्यावयाचें आहे. आणि मीं उत्तर दिलें घाटांतल्या वळणाचें."

माघ महिन्यांत आम्ही सर्वजण गुहागरास जाऊन आलों. पाटणवरून, कुंभार्ली घाटानें, चिपळूण करून. गाडी भाड्याची, उंच बैठकीची, दिसावयास अगदीं सामान्य. घाटांत ती डोलत होती, आणि माझ्या पोटांत नेहमींप्रमाणें कालवलें. पण व्याडेश्वराच्या दारापाशीं वहिनींनीं दाराची कडी धरली, पाय आधीं जमिनीला टेकविला, आणि कोणाचा हात न घेतां त्या उभ्या राहिल्या. दुष्यंतानें आश्रमांत शिरण्यापूर्वीं अलंकार आणि धनुष्य सारथ्याच्या हवालीं केलें, आणि रथ बाहेर ठेवून तो आंत गेला. हा प्रसंग शिकवितांना मी विनय या शब्दावर फार बोलत असें. त्या दिवशीं मी वहिनींच्या मागोमाग नुसता आंत गेलों.

जे वाचक अशा खरेदीच्या विचारांत असतील, त्यांना तीन गोष्टी सुचवितों. पेढीच्या गुळगुळीत फरशीवर गाडी पाहूं नये; ती आपल्या बोळांत आणून, आपल्या गतिरोधकावरून, घरची सर्व माणसें बसवून न्यावी. घरांतल्या सर्वांत वृद्ध माणसाला आधीं बसवावें आणि, मुख्य म्हणजे, उठवून पाहावें. आणि 'घे' किंवा 'नको' म्हणण्यापूर्वीं ही गाडी कशासाठीं, या प्रश्नाचें उत्तर एका ओळींत कागदावर लिहावें. बाकी वेग, बळ आणि बांधणी यांच्या बाबतींत आजच्या गाड्यांत हातचें राखून ठेवण्यासारखें फारसें उरलेलें नाहीं.

पुतण्यानें तो व्यवहार तूर्त थांबविला आहे. ती गाडी त्यानें कधीं घेऊंच नये, असें मात्र मी म्हणत नाहीं. बारा वर्षें साठवलेल्या पैशांतून मनाची एक हौस पुरविणें हा अपराध नव्हे. परवां तो आला होता. म्हणाला, "काका, पुढच्या वेळीं आधीं आईला विचारतों, मग तुम्हांला." मीं ताबडतोब होकार दिला.