केओएचची काचपट्टी

म्हैसूर जिल्ह्यात टी. नरसीपूरला कावेरी आणि कपिला एकमेकींना मिळतात. तिथून जवळच सोसले आहे, व्यासराज मठाचं गाव. आमच्या घरची वडीलधारी माणसं मठाच्या निमित्ताने तिथे जात आली. मीही जातो, पण बुरशीच्या निदानात आयुष्य गेलेल्या माणसाच्या डोक्यात देवदर्शनाला गेल्यावरही भलतेच प्रश्न येतात. इथल्या एखाद्या मधुमेही बाईंचा गाल दुखू लागला, नाकातून काळपट स्राव आला, तर ही बुरशी आहे हे कोण ओळखणार, आणि किती तासांत?

बुरशीचे बीजाणू आपण सगळेच श्वासातून रोज आत घेतो. शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्यांचा परस्पर निकाल लावतात. ल्युकेमियावरच्या केमोथेरपीत या पेशी जवळजवळ संपतात. साखर बेसुमार चढली किंवा स्टिरॉइड जास्त दिवस चाललं, की पेशी असूनही धड लढत नाहीत. 2021च्या कोविडलाटेत हे दोन्ही एकत्र आलं. त्या वर्षी जूनअखेर केंद्र सरकारने देशात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे म्युकर कुळातल्या बुरशीच्या संसर्गाचे, 40,845 रुग्ण आणि 3,129 मृत्यू नोंदवले. रुग्णांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश मधुमेही होते, निम्म्याहून अधिक जणांना स्टिरॉइड दिलेलं होतं. सर्वाधिक झळ बसलेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गुजरात होते.

त्या दिवसांत नातेवाईक एकच विचारत, ‘डॉक्टर, रक्ताची टेस्ट नाही का?’ रक्ताच्या टेस्ट आहेत, आणि चांगल्या आहेत. गॅलॅक्टोमॅनन ही अॅस्परजिलस नावाच्या बुरशीच्या भिंतीतली साखर रक्तात किंवा फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात सापडते. बीटा-डी-ग्लुकन पुष्कळ बुरशींत असतं. पण म्युकरच्या कुळात पहिली नसते आणि दुसरं जवळजवळ नसतंच. म्हणजे म्युकर डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोचलेला असतानाही दोन्ही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतात, आणि असा महागडा निगेटिव्ह कागद हातात पडला की वॉर्डात सगळे निर्धास्त होतात. माझा राग आहे तो त्या कागदावर. कँडिडा या बुरशीची गोष्टही फार वेगळी नाही. ती रक्तात शिरली तरी ब्लड कल्चर सुमारे निम्म्या रुग्णांत तिला चुकवतं.

म्युकर पकडते ती आमची जुनी केओएच तपासणी. नाकातला मेलेल्या मांसाचा तुकडा काचपट्टीवर ठेवायचा, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकायचे. माणसाच्या पेशी विरघळतात. बुरशीची भिंत कायटिनची, ती टिकते. कॅल्कोफ्लुओर व्हाइट मिसळलं आणि फ्लुओरोसंट सूक्ष्मदर्शक असला, तर तंतू निळसर पांढरे चमकतात. रुंद, फितीसारखे, पडदे अगदी तुरळक आणि फांद्या साधारण काटकोनात, म्हणजे म्युकर. बारीक, जागोजागी पडदे आणि फांद्या तिरप्या, म्हणजे बहुधा अॅस्परजिलस. अर्ध्या-एक तासात उत्तर मिळतं. हा फरक नुसता पुस्तकी नाही. अॅस्परजिलसवरचं पहिल्या पसंतीचं व्होरिकोनाझोल म्युकरवर चालत नाही; तिथे अॅम्फोटेरिसिन बी लागतं, आणि मेलेलं मांस शस्त्रक्रियेने काढावं लागतं.

ओघात आलंच आहे तर सांगतो, अॅम्फोटेरिसिनच्याच जातकुळीतलं एक औषध आपल्या पिंपरीत जन्मलं. हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये म्हैसूर मुलखातले डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 साली हॅमायसिन जगापुढे मांडलं. ते ज्या जिवाणूपासून मिळालं, त्याचं नावही स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरी-चिंचवडच्या किती लोकांना हे ठाऊक असेल?

केओएचचं एवढं कौतुक केलं, तरी यंत्रांना माझा विरोध नाही. 2009 साली जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून कँडिडा ऑरिस प्रथम ओळखली गेली. पुढे आपल्याकडच्या अतिदक्षता विभागांतही ती निघाली. नेहमीची स्वयंचलित यंत्रं तिला कँडिडा हीम्युलोनाय ठरवत होती. ते कोडं माल्डी-टॉफ या यंत्राने आणि जनुकक्रम तपासण्याने सोडवलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली, तिच्या सर्वांत वरच्या गटात ऑरिस आहे. पण माल्डी-टॉफलाही आधी बुरशीची वाढलेली वसाहत लागते, आणि म्युकरच्या रुग्णाजवळ तेवढा वेळ नसतो.

म्हणून तालुक्याच्या दवाखान्यासाठी कुणी माझं मत विचारलं, तर मी आधी बरा सूक्ष्मदर्शक मागेन आणि तंतू ओळखायला शिकलेला एक तंत्रज्ञ. एचआयव्ही खूप पुढे गेलेल्या रुग्णांसाठी क्रिप्टोकॉकस ही बुरशी ओळखणारी पट्टीही मागेन. रक्ताच्या थेंबावर ती दहा मिनिटांत उत्तर देते, कधी कधी मेंदूज्वराची लक्षणं दिसायच्या काही आठवडे आधी.

आणि तुकडा काढणाऱ्या सर्जनला एक विनंती. नुसता स्वॅब नको, मांस हवं. बाटल्या दोन ठेवा. फॉर्मलीनची पॅथॉलॉजीकडे जाऊ द्या, पण आमच्याकडे सलाइनमधला तुकडा पाठवा, कारण फॉर्मलीनमध्ये बुरशी मरते आणि कल्चरमध्ये काही उगवत नाही. आमच्या तंत्रज्ञालाही सांगून ठेवलेलं असतं की तो तुकडा खलात घोटायचा नाही, ब्लेडने बारीक कापायचा. म्युकरचे तंतू नाजूक असतात, घोटले की फुटतात.