आमच्या परसातला एरंड

आपल्या भाषेने एरंडाला फार वाईट वागवले आहे. कोणी निरर्थक बोलणे लांबवले की ते एरंडाचे गुऱ्हाळ; गावात दुसरा शहाणा नसला की 'ओसाड गावी एरंड बळी'; आणि तोंड वाकडे केले की 'एरंडेल प्यायलास काय?' हे ठरलेले. आमच्या रत्नागिरीत तर हापूसपुढे कुठल्याच झाडाला मान नाही. मग न्हाणीच्या सांडपाण्यावर आपोआप वाढणाऱ्या एरंडाकडे कोण बघणार? पण फणसोपच्या आमच्या घरी आजीने आजवर कोणाला तोडू दिले नाही ते झाड एरंडाचेच. शिमग्यात मुले होळीसाठी फांदी मागायला आली, तर कोणती तोडायची हेही तीच दाखवते.

हे झाड मूळचे आफ्रिकेतले, इथिओपियाच्या बाजूचे, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. इजिप्तमधल्या प्राचीन थडग्यांत त्याच्या बिया सापडल्या आहेत आणि तिथले लोक हे तेल दिव्यात जाळतात, त्याला घाण वास येतो, असे हिरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवले आहे. आपल्याकडेही ते इतके जुने, की चरक-सुश्रुतांना चांगलेच परिचयाचे. पंजासारख्या पानांवरून त्याला 'गंधर्वहस्त' असे देखणे नाव मिळाले. (म्हणी करणाऱ्यांनी ते वाचलेले दिसत नाही.) हे सारे मी आजीला सांगितले, तर ती म्हणाली, "मग तिकडच्या आज्याही हेच करीत असतील!"

हेच म्हणजे तेल काढणे. बोंडे उन्हात तडकली की बिया वेचायच्या, तव्यावर भाजायच्या, व्हायनात कुटायच्या आणि तो लगदा भरपूर पाण्यात उकळत ठेवायचा. वर तरंगणारे तेल पळीने काढून घ्यायचे व तडतड थांबेपर्यंत पुन्हा कढवायचे. घरभर जो वास सुटतो त्याबाबतीत हिरोडोटसशी माझे पूर्ण एकमत आहे. चोथा गुरांच्या तोंडी लागू द्यायचा नाही. तो माडाच्या आळ्यात पुरायचा. उकळण्यात आजी कधी घाई करीत नाही. का, हे तिला सांगता येत नाही. "तसेच करायचे" एवढेच तिचे उत्तर.

त्या तेलाचे उपयोग किती सांगावे! पावसाळ्याआधी कुळीथ, तूरडाळ यांना एरंडेलाचा हात लावून डबे भरले की कीड लागत नाही. कोयतीला, वहाणांना तेच. पोट जड झाले तर सुंठीच्या काढ्यातून लहान चमचा. गुडघा धरला तर पानाला तेल लावून, निखाऱ्यावर शेकून, ते बांधायचे. पूर्वी दिव्याची काजळी धरून काजळही घरीच होई.

गेल्या पावसात काकूचे गुडघे फार दुखू लागले. कोणीतरी तिच्या मोबाईलवर संदेश पाठवला : एरंडाच्या पाच बिया रोज दुधातून खाव्यात. काकूने बिया सोलायलाही घेतल्या होत्या. आजीने ताटली ओढून घेतली. "बी पोटात जायची नाय गो! तेल जायचे!" संदेशात लिहिले आहे, वैद्यही देतात, असे काकू म्हणत राहिली. वैद्य त्या बिया शोधून, शिजवून, माणूस बघून देतात. संदेशात त्यातले काहीच नव्हते. मी त्या रात्री पुस्तक काढून पाहिले. बीमध्ये रिसिन नावाचे जहाल विष असते. स्टिलमार्क नावाच्या संशोधकाने ते 1888 साली वेगळे काढले. 1978 साली लंडनमध्ये मार्कोव्ह या बल्गेरियन लेखकाचा खून त्याच विषाने झाला, असे मानतात. ते तेलात विरघळत नाही आणि उष्णतेने निकामी होते. आजीच्या उकळण्याचा अर्थ मला तेव्हा कळला. नायजेरियातले इग्बो लोक याच बिया उकडून, आंबवून 'ओगिरी' नावाची चव कालवणात घालतात, हे मी वाचून दाखवले, तेव्हा मात्र तिने कपाळाला हात लावला.

पण आजीचे सगळेच बरोबर असे नाही. ताई बाळंतपणाला आली तेव्हा खरी लढाई झाली. बाळाच्या घशात थेंबभर एरंडेल, नाकात थेंबभर, डोळ्यांत काजळ, असा आजीचा बेत. आणि डॉक्टरीणबाईंनी तिन्ही गोष्टींना स्पष्ट मनाई केलेली. नाकातले तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, हे ताई रडत सांगत होती. "माझी पाच वाढली ती काय तशीच?" आजी म्हणाली आणि दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिची सहा होती. सहाव्याचे नाव आमच्या घरात निघत नाही. तो कशाने गेला हे त्या काळी कोणी विचारलेही नसेल.

तिसऱ्या दिवशी ती आपणहून बाळाजवळ आली. विड्याचे पान कोमट करून, एरंडेलाचे बोट लावून, तिने ते त्याच्या पोटावर ठेवले. आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिले. काजळाची तीट तळपायाला गेली. नाकाला ती शिवली नाही. टाळूवर एरंडेल चालेल का, हे डॉक्टरीणबाईंना विचारून ये, असे तिने मला सांगितले आहे. उद्या दवाखाना उघडला की जायचे आहे.