ऐकू न येणारी झांज

सत्तरी ओलांडलेल्या, मराठी घेऊन बी.ए. झालेल्या आणि ३४ वर्षं शाळेत व्याकरण शिकवलेल्या बाईने ड्रमसेटच्या मायक्रोफोनवर लिहावं हे जरा अतीच आहे, ठाऊक आहे मला. पण गेले दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय नाही. शिवाय नात्यातल्या आणखी दोन घरांत मुलं ड्रम वाजवतात आणि "काकू, कुठला माईक घेतलात?" असे फोन मलाच येतात. तेव्हा एकदाच नीट लिहून टाकते.

तर झालं असं. माझा नातू ड्रम वाजवतो. चौघा मित्रांचा बँड आहे. सोसायटीत हा आवाज कोण चालवून घेणार? म्हणून मुलुंडला एका गाळ्यात तासाच्या भाड्याने सराव चालतो. त्यांच्यातला गिटारवाला सप्टेंबरात शिकायला जर्मनीला चाललाय. मग चौघं पुन्हा एकत्र कधी येतील कोण जाणे! जाण्याआधी स्वतः रचलेली पाच गाणी रेकॉर्ड करून ठेवायची असं ठरलं. गाणं, गिटार घरी उरकता येत होतं. अडलं ते ड्रमवर. पैसे मी देते म्हटलं. पण पैसे द्यायचे म्हणजे मी प्रश्न विचारणारच. शिक्षिकेचा स्वभाव निवृत्त होत नाही.

पहिला प्रश्न: माईक डोक्यावर का टांगायचे? नातू म्हणाला, "आजी, गणपतीत ढोल-ताशा आला की तू गॅलरीत का जातेस?" पटलं. पथकात ढोलाशेजारी उभं राहिलं तर ढोलच ऐकू येतो, ताशा हरवतो. दुसऱ्या मजल्यावरून मात्र सगळं पथक एकत्र, प्रमाणात ऐकू येतं. ड्रमसेटचं तेच. बास ड्रम, स्नेअर, टॉम, हाय-हॅट आणि वरच्या मोठ्या झांजा, प्रत्येकाला वेगळा माईक लावायचा तर आठ-दहा लागतील. ह्यांच्या पेटीत माईकच्या पिना चारच. म्हणून दोन माईक वर, एक बास ड्रमला, एक स्नेअरला. वरच्या दोघांना म्हणतात ओव्हरहेड. बहुतेक चित्र तेच उभं करतात, बाकीचे दोन फक्त ठसका देतात.

दुसरा प्रश्न अर्थातच किमतीचा. मोठ्या स्टुडिओंत न्यूमनच्या केएम १८४ सारखी जोडी लावतात, तिची किंमत लाखाच्या वर. खालच्या टोकाला बेरिंगरची सी-२ सारखी जोडी, काही हजारांत. मधे रोडच्या एम-५ आणि एनटी-५. हे सगळे बारीक, खडूपेक्षा थोडे जाड नि लांब, म्हणून त्यांना पेन्सिल माईक म्हणतात. जातीने कंडेन्सर, म्हणजे पेटीतून ४८ व्होल्टचा पुरवठा दिल्याशिवाय मुके.

मग माझा खरा प्रश्न: स्वस्त माईक नेमका कुठे कमी पडतो? ह्याचं उत्तर मला फार आवडलं. स्वस्त माईकची एक मोठी खोड म्हणजे त्याची स्वतःची बारीक सूं सूं. सतारीच्या आलापात ती लगेच उघडी पडेल. पण ड्रमच्या दणदणाटात ती कुणाला ऐकू येणार? म्हणजे ही खोड इथे माफ. आवाज सोसण्याची ताकद मात्र हवी, नाहीतर माईकच फाटक्या आवाजात बोलतो. आणि दुसरी खोड माफ होत नाही. झांजेची जी बारीक, चांदीसारखी झळाळी असते ती स्वस्त माईकमधून कधीकधी फुटक्या भांड्यासारखी येते. आणि वर टांगलेल्या माईकचं मुख्य काम तर झांजच ऐकण्याचं!

इथे माझी पंचाईत झाली. दोन वर्षांपूर्वी माझ्या कानांची तपासणी झाली. त्या तक्त्यात २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतची रेषा काढतात. माझी रेषा ३००० पर्यंत बरी चालते आणि मग घाट उतरल्यासारखी खाली जाते. तरुण कानाला साधारण २०,००० पर्यंत ऐकू येतं आणि झांजेची झळाळी ८००० च्या वरही बरीच पसरलेली असते. म्हणजे ज्या गोष्टीसाठी माझी पेन्शन खर्च होणार, ती गोष्ट मला ऐकूच येणार नव्हती. नातवाने लॅपटॉपवर दोन तुकडे वाजवले. मला दोन्ही सारखेच. तो काही बोलला नाही, पण त्याने आवाज वाढवला. आवाज वाढवून न येणाऱ्या गोष्टी येत नाहीत, हे त्याला विसाव्या वर्षी कसं कळावं?

पण मग सुचलं, न ऐकणारा माणूसच खरा निःपक्षपाती परीक्षक! एक महाग जोडी दिवसाच्या भाड्याने आणली, एक स्वस्त जोडी मित्राकडून. त्याच हाताने, तोच ताल, आळीपाळीने रेकॉर्ड केला. तुकड्यांची नावं काढून मी क्रमांक घातले, बोर्डाच्या पेपरांवरची नावं झाकतात तसे. चौघांनी वेगवेगळं बसून गुण दिले, मी बेरीज केली. पहिल्या फेरीत महाग जोडी पुढे, पण थोडक्यात. आणि तिलासुद्धा चौघांनी लिहिलेला शेरा एकच: "डब्यात वाजवल्यासारखं".

डबा होताच तो. त्या गाळ्यावर पोटमाळा आहे. ड्रमसेट त्याच्याखाली, उंची जेमतेम साडेसात फूट. झांजेचा आवाज माईकला एकदा थेट पोचतो आणि छताला आपटून क्षणार्धात पुन्हा. माईक लाखाचा असो की हजारांचा, दोन्ही ऐकणार. घरून जुन्या तीन गोधड्या आणि एक सोलापुरी चादर नेली आणि ड्रमच्या डोक्यावर दोऱ्यांनी टांगली.

मग जागा. आवाज हवेत एका सेकंदात साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर. स्नेअरपासून एक माईक दुसऱ्यापेक्षा १७ सेंटीमीटर लांब असला तर त्याला आवाज अर्धा मिलिसेकंद उशिरा मिळतो. १००० हर्ट्झच्या लहरीची तेवढ्यात अर्धी फेरी होते. दोन मुलींनी एकच दोरी फिरवावी आणि एकीचा हात वर असताना दुसरीचा खाली, तसं. दोन्ही आवाज एकत्र केले की तो स्वर एकमेकांना खाऊन टाकतो आणि स्नेअर पोकळ वाजतो. ग्लिन जॉन्स नावाच्या इंग्रज रेकॉर्डिस्टची ह्यावर प्रसिद्ध रीत आहे. १९६८ साली लेड झेपेलिनच्या पहिल्या अल्बमच्या वेळी त्याला ती योगायोगानेच सापडली म्हणे. एक माईक वर, दुसरा उजवीकडे जमिनीवरच्या टॉमच्या बाजूने, दोन्ही स्नेअरकडे तोंड करून आणि स्नेअरपासून तंतोतंत सारख्या अंतरावर. बुटक्या गाळ्याला ही रीत सोयीची, कारण एक माईक छतापासून दूरच राहतो. मी शिवणाची टेप घेऊन बसले. ४० इंच इकडे, ४० इंच तिकडे. पोरं हसली, पण टेप धरायला आली.

ह्यात नवीन काही नाही खरं तर. आपल्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांचा जुना काळ आठवा. कावस लॉर्ड आणि त्यांचे मुलगे केर्सी नि बर्जोर ह्यांच्यासारखे वादक ज्या काळात ड्रम नि तालवाद्यं वाजवत, तेव्हा गायक आणि अख्खा वाद्यमेळ एकाच हॉलमध्ये, एकाच वेळी, मोजक्या माईकवर रेकॉर्ड होत असे. कोण माईकजवळ, कोण लांब, ह्यावरच गाण्याचा तोल ठरायचा.

संध्याकाळी दुसरी फेरी झाली. गोधड्यांखाली, टेपने मोजून लावलेली स्वस्त जोडी सकाळच्या महाग जोडीला सहज मागे टाकून गेली. महाग जोडी त्याच जागी लावली तेव्हा ती अर्थातच पुन्हा पुढे गेली, झांजेच्या बाबतीत. चौघांचंही त्यावर एकमत.

म्हणून घेणाऱ्यांना माझा हिशेब सांगते. आधी जागा आणि गोधड्या, त्यांना पैसे पडत नाहीत. मग जड बुडाचे दोन स्टँड आणि चांगल्या केबली, कारण हलका स्टँड माईकच्या वजनाने हळूहळू मान टाकतो आणि मोजलेलं अंतर बिघडतं. उरलेल्या पैशात कारखान्यातून जुळवून आलेली जोडी, सुटे दोन नगही नकोत. आम्ही रोडची एम-५ घेतली.

आणि मुंबईकरांनो, पावसाळा! कंडेन्सर माईकचा पडदा अतिशय पातळ असतो, दमट हवेत तो कुरकुरायला लागतो. आमचे माईक सिलिका जेलच्या पुड्यांसकट मसाल्याच्या हवाबंद डब्यात राहतात. निळे दाणे गुलाबी झाले की कोरडे करायचे, हे काम माझ्याकडे.

पाच गाणी झाली. नातवाने मला लॅपटॉपवर त्यांचं चित्र दाखवलं, खाली जाड आवाज, वर बारीक. जिथे झांज वाजते तिथे पडद्यावर वरपर्यंत झळाळ उठतो. "हे बघ आजी, इथून वर तुला येत नाही," असं म्हणून त्याने बोटाने रेघ दाखवली. रेघेच्या वर बरंच काही होतं. मी ते नीट पाहिलं. शाळेत तरी काय करत होते मी ३४ वर्षं? मुलं पुढे काय वाचतील, काय लिहितील, ह्यातलं फारसं माझ्यापर्यंत येणार नव्हतंच. तरी खडू संपला की नवा घ्यायचेच ना.

गिटारवाल्याचं विमान १२ तारखेला आहे. पाचही गाणी त्याच्या पेन ड्राइव्हवर घालून दिली आहेत, आणि सोबत मेतकुटाची पुडी.