टेबल, लाख आणि जुलैतला शनिवार

तर झालं असं की, साताऱ्याचं घर विकलं आणि सामानाच्या वाटणीत माझ्या वाट्याला आजोबांचं लिहायचं टेबल आलं. अस्सल सागवान, आणि तेवढंच जड. टेम्पोवाल्याने ते आमच्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये आणून टेकवलं आणि बायकोने एका वाक्यात रिक्वायरमेंट दिली, "हे इथे राहणार असेल तर त्याला माणसात आण, पण घरभर भुसा नको." रविवारी संध्याकाळी बाबा येणार होते. भंगारवाल्याने त्याचे हजार रुपये सांगितले होते, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

माझी पहिली आयडिया टिपिकल इंजिनिअरची. भाड्याने सँडिंग मशीन आणायचं, सगळं घासून काढायचं आणि पहिल्यापासून सुरुवात! नशीब, आधी थोडं वाचलं. जुन्या फर्निचरवर बऱ्याचदा लाखेचं पॉलिश असतं. ते ओळखायची टेस्ट सोपी आहे. पायाच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी, स्पिरिटचा बोळा टेकवायचा. चिकट झालं तर लाख. काहीच झालं नाही तर बहुधा व्हार्निश किंवा पीयू, आणि मग हा लेख तुमच्या कामाचा नाही. आमचं चिकट झालं.

लाखेची गंमत अशी की नवीन थरातलं स्पिरिट जुना थर थोडा विरघळवतं आणि दोन्ही एकजीव होतात. म्हणजे जुना कोड फेकायची गरज नाही, त्यातच पॅच बसतो. (पळसाबोरीवरच्या एका किड्याने हे आपल्या आधी शोधून ठेवलंय.)

रविवार पेठेतून चपडा लाख आणली. शंभर ग्रॅम लाख अर्धा लिटर स्पिरिटमध्ये, काचेच्या बरणीत रात्रभर. सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळली. टेबल घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसून आदल्या दिवशीच वाळवलं होतं. हत्यारं म्हणाल तर जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधलेली कापसाची पुरचुंडी. बस्स. एक मात्र, स्पिरिट भुर्रकन पेटतं. खिडक्या उघड्या, गॅस बंद, आणि देवापुढचं निरांजनही त्या दिवशी उशिरा.

पुरचुंडी लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवायची आणि मध्ये थांबायचं नाही. थांबलात की चिकटलीच. पहिल्या हातात टेबल असं उजळलं की मी बायकोला हाक मारली. तिसऱ्या हातात बाहेर पाऊस सुरू झाला आणि अख्खा पृष्ठभाग दुधाळ पांढरा! च्यायला. आजोबांचं टेबल, बाबा उद्या येणार, आणि मी त्यावर ताक सांडल्यासारखं करून ठेवलेलं. रात्री झोप लागली नाही.

सकाळी दुकानदाराला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "दमट हवा आहे साहेब. स्पिरिट उडताना ओल आत अडकते. ऊन पडलं की जेमतेम ओलसर फडकं स्पिरिटचं, हलकंच फिरवा." अकरा वाजता ऊन आलं. फिरवलं. पांढरेपणा गेला! चहाच्या कपाचं जुनं पांढरं वर्तुळही त्यातच गेलं.

राहिला कडेचा निळा-काळा शाईचा डाग. तो लाकडातच मुरलेला. ऑक्झॅलिक ॲसिडने जातो म्हणतात, पण त्यासाठी तिथलं पॉलिश खरवडावं लागलं असतं. "राहू दे," बायको म्हणाली. तिनेच.

संध्याकाळी बाबा आले. चहा न घेता आधी टेबलाकडे गेले, चष्मा काढला आणि कडेवरून बोट फिरवत डागापाशी थांबले.

"सातवीत दौत सांडली होती माझी. दोन दिवस इथे वही ठेवून लपवला होता."

मग दोन्ही हातांनी टेबल हलवून पाहिलं.

"मागचा पाय ढिला आहे रे. फेव्हिकॉल आहे का घरात?"