खिशातला चाकू

"मी खिशात चाकू बाळगतो." हे वाक्य मराठीत जरा मोठ्याने म्हणून बघा. डोळ्यासमोर काय आलं? गळ्यात रुमाल, तोंडात पान आणि खटकन उघडणारा रामपुरी. फार तर 'वक्त'मधला राजकुमार. हेच इंग्रजीत 'पॉकेट नाइफ' म्हटलं की शेकोटीपाशी काठी तासत बसलेला एखादा गोरा आजोबा येतो. वस्तू तीच.

तर मी, म्हणजे चष्मा लावलेला, पोट थोडं सुटलेला, कॅलिफोर्नियात कोड लिहून पोट भरणारा माणूस, २०१४ पासून उजव्या खिशात चाकू घेऊन फिरतो. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सुरी म्हण रे. चाकू काय!" बायकोचा आक्षेप शब्दावर नव्हता, आकड्यावर होता. साडेतीनशे डॉलरच्या आसपास. "एका सुरीला? आपली सगळी भांडी मिळून तेवढ्याची नाहीत." त्या वर्षी बोनस बरा झाला होता, हे माझं लंगडं समर्थन.

चाकूचं नाव सेबेन्झा. झुलू भाषेत याचा अर्थ 'काम'. बनवणारा ख्रिस रीव्ह हा मूळचा दक्षिण आफ्रिकेतला. १९८९ मध्ये तो अमेरिकेत आयडाहोतल्या बॉइझी शहरात आला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे हा चाकू बनतो आहे. दिसायला अगदी साधा. टायटॅनियमच्या दोन करड्या पट्ट्या, मध्ये तीन इंचांना थोडं कमी असलेलं पातं. ना नक्षी, ना बटण, ना स्प्रिंगचा आवाज. दुकानातल्या काचेखाली तो शेजारच्या चाळीस डॉलरवाल्यांपेक्षा गरीब दिसत होता.

मग पैसे कशाचे? माझ्यासारख्याला वेड लावणाऱ्या दोन गोष्टी त्यात आहेत. पहिली म्हणजे बिजागरी. साध्या घडीच्या चाकूत मधला स्क्रू घट्ट केला की पातं जाम होतं आणि सैल केला की डुगडुगतं. त्या दोन्हींच्या मधली जागा शोधण्यात आयुष्य जातं. माझ्या चाकूत स्क्रूभोवती एक छोटी पोलादी नळी आहे. तिची उंची पातं आणि दोन्ही बाजूंचे ब्राँझचे वॉशर यांच्या जाडीशी इतकी बेमालूम जुळवलेली की स्क्रू पूर्ण आवळला तरी पातं अलगद फिरतं. ॲडजस्टमेंट नावाचा प्रकारच नाही. (आमच्या सिस्टीममध्ये दोनशे कॉन्फिगरेशन पॅरामीटर आहेत. असो.)

दुसरी गोष्ट म्हणजे कुलूप. मुठीच्या दोन पट्ट्यांपैकी एकीला लांब काप देऊन ती आत वाकवलेली आहे. पातं उघडलं की ती पट्टी 'टक्' करून त्याच्या बुडाशी येऊन बसते आणि मग ते आपल्या बोटांवर मिटू शकत नाही. वेगळा सुटा भाग नाहीच, मूठ हेच कुलूप. मायकेल वॉकर नावाच्या कारागिराने आत पातळ पत्रा घालून असं कुलूप आधी केलं होतं. रीव्हने पत्रा काढला आणि मुठीलाच कामाला लावलं. कोड लिहिणाऱ्याला असं काही बघितलं की बरं वाटतं.

या कुलपाबद्दल पुढे बोलायचं आहे, म्हणून लांबण लावली.

पहिलं वर्षभर मी तो वापरला म्हणजे काय, तर खिशात ठेवला. दर शनिवारी रात्री काढायचा, सोबत मिळालेल्या षट्कोनी किल्लीने सगळा खोलायचा, वॉशर पुसायचे, ग्रीस लावायचं, परत जोडायचा. कापलं काय? पार्सलच्या चिकटपट्ट्या. सफरचंदसुद्धा मी किचनमधल्या दोन डॉलरच्या सुरीनेच कापायचो. चरा पडला तर! बायको म्हणायची, "याला नैवेद्यही दाखवत जा." आजोबांच्या चंचीत अडकित्ता असायचा. त्यांनी तो कधी पुसलेला मला आठवत नाही. सुपारी मात्र दिवसातून वीसदा कातरली जायची.

२०१५ च्या दिवाळीत आकाशकंदील करायचं ठरलं. लेक तेव्हा दुसरीत. तयार कंदील भारतीय दुकानात मिळतात, पण मला हुक्की आली. बागकामाच्या दुकानातून बांबूच्या काठ्या आणल्या आणि मागच्या अंगणात बसलो. कामट्या तासायला किचनमधली सुरी चालेना, तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, तुझा चाकू?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं. काढला. आणि काय सांगू, बांबूची साल लांबच लांब वळ्यांनी सुटायला लागली. दोन तासांत सोळा कामट्या. मध्ये एकदा तो घामट हातातून निसटला आणि काँक्रीटवर पडला. मुठीवर आडवा चरा. मी हळहळलो, मग जरा वेळाने लक्षात आलं की आता काळजी करायला काही उरलं नाही. कंदील थोडा तिरका झाला, पण पंधरा दिवस टांगलेला होता.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात शाळेतून फोन आला. मुख्याध्यापिका बाईंना भेटायचं होतं, शक्यतो आजच.

झालं असं होतं की लेकीने वर्गात दिवाळीबद्दल सांगितलं. कंदील, फराळ, पणत्या, सगळं. आणि पुढे अभिमानाने, की माझ्या बाबाने तो त्याच्या चाकूने केला आणि तो चाकू त्याच्या खिशात नेहमी असतो, मला न्यायला येतो तेव्हासुद्धा.

बाई शांतपणे बोलल्या, तेवढं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला. कॅलिफोर्नियात घडीचा चाकू मिटून खिशात ठेवायला राज्याची हरकत नाही, हे मी विकत घेण्याआधी नीट वाचलं होतं. पण शाळेच्या आवारासाठी वेगळं कलम आहे, ६२६.१०. अडीच इंचांपेक्षा लांब पातं नको. आणि पातं कितीही लहान असो, उघडल्यावर कुलूप लागणारा घडीचा चाकू नको. शिक्षा एक वर्षापर्यंत तुरुंग, प्रसंगी जास्तही. म्हणजे माझा चाकू दोन्ही अटींत बसत होता. ज्या 'टक्' आवाजावर मी भाळलो, जो माझी बोटं वाचवायला आहे, तोच कायद्याच्या लेखी गुन्हा. आणि मी तो रोज दुपारी तीन वाजता फाटकातून आत नेत होतो.

"तुम्ही तो का बाळगता?" बाईंनी विचारलं. माझ्याकडे ब्राँझच्या वॉशरवर अर्धा तास बोलण्याची तयारी होती. तोंडातून निघालं, "खोकी उघडायला." त्यांनी मान डोलावली. समोर दाढीवाला, सावळा, नावाचा उच्चार न करता येणारा बाप होता. त्यांच्या मनात त्या वेळी काय आलं मला माहीत नाही आणि त्यांच्यावर मला उगाच आरोप करायचा नाही. माझ्या मनात मात्र एकच होतं, ग्रीन कार्डची फाइल. ती तेव्हा रांगेत होती (अजूनही आहे, तो वेगळा विषय). मी स्वतःला सांगत होतो की चाकू आत्ता गाडीच्या कप्प्यात आहे. मग आठवलं, गाडी शाळेच्याच पार्किंगमध्ये उभी आहे.

त्यांनी पोलिसांना कळवलं नाही. पुन्हा आणू नका म्हणाल्या. मी घरापर्यंत चाळीस मैलांच्या वेगमर्यादेला तीसने गाडी चालवली.

सगळ्यात वाईट ती संध्याकाळ. लेकीला कळलं होतं की तिच्या बोलण्यामुळे काहीतरी झालंय. "मी खोटं नाही सांगितलं, बाबा," ती रडत म्हणाली. मी म्हटलं, नाही गं, खरंच सांगितलंस, चूक माझी. तिला पटलं की नाही कोण जाणे. पुढच्या दिवाळीबद्दल तिने वर्गात काही सांगितलं नाही. हे मला तिच्या बाईंकडून पेरेंट-टीचर भेटीत कळलं. चाकूवरचा चरा आता दिसतसुद्धा नाही, हे मात्र मला अजून टोचतं.

तेव्हापासून शाळेच्या दिवशी चाकू टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आणि शनिवार-रविवार खिशात, अशी वाटणी झाली. आता तो सगळं कापतो. आंबे, नारळाच्या दोऱ्या, पोळ्यांच्या फ्रोझन पाकिटांची टोकं. पात्याला दोन-तीनदा धार लावून झाली. ज्या कारखान्याने या पात्याचं पोलाद रीव्हबरोबर मिळून घडवलं होतं, त्या क्रूसिबलने डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. माझं पातं बहुधा मला पुरेल.

परवा शनिवारी टेबलावर वर्तमानपत्र पसरून तो खोलत बसलो होतो. लेक कॉलेजच्या अर्जाचा निबंध अर्धवट टाकून शेजारी येऊन बसली. "मी करू?" म्हणाली. किल्ली दिली. तिने स्क्रू काढले, पट्ट्या वेगळ्या केल्या, ती छोटी नळी बोटावर उभी करून बघितली. मग विचारलं, "तेव्हा तुला अटक झाली असती का रे?" मी म्हटलं, झाली असती कदाचित. ती "हं" म्हणाली आणि पुसायला लागली. एक वॉशर उडाला. अर्धा तास आम्ही दोघं टॉर्च घेऊन जमिनीवर पालथे. बायको दारात उभी राहून विचारत होती, हे काय चाललंय.

फ्रिजखाली सापडला.