बाजूला बसलेल्या

बाया कर्वे यांचे 'माझे पुराण' शिकवताना मुली तारखा तत्परतेने टिपून घेतात. देवरुखची बालविधवा गोदूबाई १८८९ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून दाखल झाली. १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. सोवळ्याच्या अनुषंगाने विटाळाचा विषय निघाला, की मात्र वर्ग माना खाली घालतो. कावळा शिवला, बाहेरची झाली, बाजूला बसली : आपल्या भाषेत बाईने कुठे बसावे हे सांगणारे शब्द भरपूर! गैरहजेरीच्या अर्जात मुली 'ताप' लिहितात.

काबूलच्या बातम्या मी याच संदर्भात वाचते. तालिबानने २०२१ मध्ये मुलींच्या माध्यमिक शाळा बंद केल्या, २०२२ मध्ये विद्यापीठे, आणि २०२४ च्या अखेरीस सुईणी व परिचारिकांचे प्रशिक्षणही. शिक्षण गेले, पाठोपाठ मिळकत गेली; आता बाईला तिच्या शरीराविषयी समजावून सांगणारी बाईही घडणार नाही. रमाबाईंना निवारा, अक्षर आणि स्वतःची कमाई वेगवेगळी काढता आली नव्हती, ती का, हे इथे उमगते.

अर्जात 'पाळी' लिहिले तरी चालेल, असे यंदा मी वर्गात सांगितले. आजवर दोन अर्ज आले. त्यांतल्या एकीने तो शब्द खोडून वर 'ताप' लिहिले आहे.