हाल्सेमाच्या घाटात

लेक मनिलात डॉक्टरकी शिकतो. त्याच्या मित्रांसह आम्ही आठ जण व्हॅनने उत्तरेच्या डोंगरांत निघालो. बनावेला इफुगाव लोकांची भातखाचरं पाहून ह्यांना आपलं कोकण आठवलं. पण इथे पायरीवर पायरी थेट आभाळाला टेकलेली. जवळच्या बटाडची खाचरं तर १९९५ पासून जागतिक वारशात आहेत. सगाडात कड्याला टांगलेल्या शवपेट्या बघून मुलंही गप्प झाली.

मला धास्ती खाण्याची होती. जिथे तिथे डुकराचं मांस! मी चपात्या, खजूर, लोणचं बांधून नेलं होतं. ड्रायव्हरने दिलेलं पाणीसुद्धा, खरं सांगते, मी नको म्हणायची.

बागिओकडे येताना हाल्सेमा रस्त्यावर दरड कोसळली. अटोकजवळ हा रस्ता २,२५५ मीटरवर चढतो. धुकं, एका बाजूला कोबीचे मळे, दुसरीकडे दरी. तीन तास गाडी हलेना. जोहर असरसोबत जमा करायचं ठरवलं होतं, आता असरही जायला आली. बाटल्या रिकाम्या. वुजू कशाने करायचं?

लेकाने ड्रायव्हरला अडचण सांगितली. तो धुक्यात खाली मळ्यात उतरला आणि बादली भरून आला. म्हणाला, "हात धुऊन भरलंय, मॅडम." मला वर बघवेना.

किब्ला इथूनही पश्चिमेलाच, जरासा उत्तरेकडे. रस्त्याकडेला प्लास्टिक अंथरून दोन-दोन रकात कसर पढलो.

बागिओ येईपर्यंत डबा रिकामा झाला. शेवटच्या दोन चपात्या ड्रायव्हरनेच खाल्ल्या, लोणच्यासकट.